अमेरिकेतलं भाड्याचं घर आणि लवकर घेतलेला घसारा

डॅलसच्या एका उपनगरात पहिलं भाड्याचं घर घेतलं त्या वर्षी मी कॉस्ट सेग्रेगेशनचा अहवाल करून घेतला होता. मी राहतो न्यू जर्सीत, घर टेक्सासमध्ये. अहवाल जाडजूड होता. फ्रिज, कार्पेट, कुंपण, ड्राइव्हवे अशा प्रत्येक गोष्टीची किंमत त्यात वेगळी काढलेली होती. रिटर्न भरणाऱ्याने सगळा घसारा व्यवस्थित दाखवला, आणि तरीही आमचा टॅक्स एका डॉलरनेही कमी झाला नाही. यंदा न वापरता येणारा तोटा ज्या फॉर्मवर पुढे ओढला जातो त्या फॉर्म ८५८२ वर तो जाऊन बसला, आणि त्यातला बराचसा आजही तिथेच आहे. अहवालात काही चूक नव्हती. आम्हा नवरा-बायकोच्या पगारामुळे तो तोटा त्या वर्षी वापरता येणारच नव्हता, आणि अहवालाचे पैसे भरण्याआधी हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

हल्ली मंडळाच्या गणपतीत किंवा कुणाच्या घरी जेवायला जमलो की हा विषय निघतोच. ‘बोनस डेप्रिसिएशन पुन्हा शंभर टक्के झालंय ना? मग घर घ्यायलाच हवं.’ शंभर टक्के झालंय, म्हणजे काही वस्तूंची सगळी किंमत पहिल्याच वर्षी वजा करता येते, हे खरं. पण प्रश्नांचा क्रम उलटा लावला जातो. घसारा किती निघेल हे सगळे आधी विचारतात, तो तोटा आपल्याला कुठे लावता येईल हे कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख मी त्याच टोकापासून सुरू करतोय.

मुळात घसारा म्हणजे काय

भाड्याने दिलेल्या घराची इमारत दरवर्षी थोडी झिजते असं अमेरिकेचा टॅक्स कायदा धरून चालतो. राहत्या भाड्याच्या घरासाठी ही झीज २७.५ वर्षांत सारख्या हप्त्यांनी वजा होते, दुकान किंवा ऑफिससाठी ३९ वर्षांत. जमीन झिजत नाही, म्हणून तिच्यावर घसारा नाही. खिशातून एकही डॉलर न जाता मिळणारी ही वजावट आहे.

मात्र घरातली प्रत्येक वस्तू काही साडेसत्तावीस वर्षं टिकत नाही. घरासोबत आलेलं कार्पेट, शेगडी, फ्रिज, वॉशिंग मशीन, फर्निचर यांना कायदा ५ वर्षांचं आयुष्य देतो. कुंपण, ड्राइव्हवे, पायवाटा, झाडं-झुडपं यांना १५ वर्षांचं. या वस्तू इमारतीच्या किमतीतून वेगळ्या काढल्या की त्यांचा घसारा लवकर मिळतो. त्या वेगळ्या काढण्याच्या कामाला कॉस्ट सेग्रेगेशन म्हणतात. २० वर्षं किंवा त्याहून कमी आयुष्याच्या वस्तूंवर बोनस डेप्रिसिएशन मिळतं, म्हणजे त्यांची सगळी किंमत पहिल्याच वर्षी वजा करता येते.

एकूण घसारा यामुळे वाढत नाही, फक्त अलीकडे येतो. आज जास्त घेतला की पुढच्या वर्षांत तेवढा कमी मिळणार. फायदा वेळेचा आहे. आज न भरलेला टॅक्स बरीच वर्षं बिनव्याजी आपल्याकडे राहतो.

पहिली पायरी: तोटा लावायला जागा आहे का?

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. १९८६ च्या कर सुधारणांनंतर भाड्याचं उत्पन्न ‘पॅसिव्ह’, म्हणजे स्वतः न राबता मिळणारं, धरलं जातं आणि पॅसिव्ह तोटा पगारातून वजा करता येत नाही. या भिंतीला मोजकी दारं आहेत.

पहिलं दार मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी. भाडेकरू निवडणं, भाडं ठरवणं, दुरुस्तीला होकार देणं असे निर्णय तुम्ही स्वतः घेत असाल आणि घरात तुमचा किमान १० टक्के हिस्सा असेल, तर वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतचा तोटा पगाराविरुद्ध चालतो. घराची व्यवस्था मॅनेजमेंट कंपनीकडे असली तरी चालेल, निर्णय तुमचे हवेत. मात्र सुधारित एकूण उत्पन्न १ लाख डॉलरच्या वर गेलं की प्रत्येक २ डॉलरमागे ही सवलत १ डॉलरने कमी होते आणि दीड लाखाला संपते. १,३०,००० उत्पन्न असेल तर १०,००० डॉलरचा तोटा चालेल. इतक्या वर्षांत हे आकडे महागाईप्रमाणे वाढवलेले नाहीत, त्यामुळे दोघंही नोकरी करणारी बहुतेक मराठी कुटुंबं या दारातून आत जाऊ शकत नाहीत. नवरा-बायको एकत्र राहून वेगवेगळं रिटर्न भरत असतील तर ही सवलत शून्य.

दुसरं दार रिअल इस्टेट प्रोफेशनल या दर्जाचं. त्यासाठी वर्षाला ७५० हून जास्त तास रिअल इस्टेटच्या कामात घालवावे लागतात, आणि तुमच्या एकूण कामाच्या तासांपैकी निम्म्याहून जास्त तास त्यात असावे लागतात. या दोन्ही अटी नवरा किंवा बायको यांपैकी एकाच व्यक्तीने पुऱ्या करायच्या, दोघांच्या तासांची बेरीज इथे चालत नाही. पूर्णवेळ नोकरीचे वर्षाला सुमारे २,००० तास होतात. म्हणजे नोकरी करणाऱ्याला रिअल इस्टेटमध्ये २,००० हून जास्त तास दाखवावे लागतील. एक-दोन भाड्याची घरं असलेल्या इंजिनिअरने असं लिहून दिलं तर आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, अधिकारी त्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

जोडीदार नोकरी करत नसेल किंवा रिअल्टर म्हणून काम करत असेल तर मात्र हे दार खरोखर उघडतं. दर्जा मिळाल्यावर प्रत्येक घराच्या कामात प्रत्यक्ष सहभागही दाखवावा लागतो. तिथे दोघांचे तास एकत्र धरता येतात. घरं एकापेक्षा जास्त असतील तर ती सगळी एकच व्यवसाय म्हणून धरण्याची निवड रिटर्नसोबत लेखी जोडायला विसरू नका. ती न जोडल्यामुळे चांगली प्रकरणं हातची गेली आहेत. तासांची नोंद त्या त्या दिवशी करा. वर्षाअखेरीस आठवून लिहिलेली डायरी कोर्टांनी अनेकदा नाकारली आहे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. जोडीदार एच-४ व्हिसावर असेल आणि कामाचा परवाना नसेल, तर रिटर्नवर ‘मी वर्षभरात ७५० तास काम केलं’ असं सांगण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. घर मालकीचं असणं वेगळं आणि ते चालवायला वर्षभर राबणं वेगळं. टॅक्स वाचवायला केलेला दावा पुढे ग्रीन कार्डच्या फाइलमध्ये आडवा आलेला कुणालाच परवडणार नाही. टॅक्स बघणारा सीपीए हा प्रश्न सहसा विचारत नाही, तो आपणच विचारायचा.

तिसरं दार थोड्या दिवसांच्या भाड्याचं. पाहुण्यांचा सरासरी मुक्काम ७ दिवस किंवा त्याहून कमी असेल तर पॅसिव्ह नियमांपुरता तो धंदा ‘भाड्याचा’ धरलाच जात नाही. मग प्रोफेशनलचा दर्जा लागत नाही, फक्त प्रत्यक्ष सहभाग सिद्ध करावा लागतो. त्याची एक कसोटी ५०० तासांची. दुसरी अशी की तुमचे १०० हून जास्त तास हवेत आणि दुसऱ्या कुणाही एका माणसाचे तास तुमच्याहून जास्त नकोत. यात सफाई करणारी बाईही मोजली जाते. नोकरी सांभाळून हे जमू शकतं, म्हणूनच पोकोनोजमधल्या किंवा स्मोकी पर्वतातल्या केबिनकडे इतके लोक वळले. मात्र अशा घराच्या मूळ इमारतीला सहसा २७.५ ऐवजी ३९ वर्षं लागतात. शिवाय वर्षात १४ दिवस किंवा भाड्याच्या दिवसांच्या १० टक्के, यांतलं जे जास्त असेल त्याहून अधिक दिवस तुम्ही स्वतः तिथे राहिलात, तर तोट्यावर वेगळी मर्यादा येते. दर उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन तीन आठवडे तिथे राहायचा बेत असेल तर हा हिशेब आधी करा.

चौथी वाट साधी आहे. दुसऱ्या घराचं नफ्यातलं भाडं असेल किंवा एखाद्या भागीदारीतून पॅसिव्ह उत्पन्न येत असेल, तर नव्या घराचा तोटा त्याविरुद्ध लगेच चालतो. जुनी, कर्ज जवळजवळ फिटलेली घरं असणाऱ्यांना हे फार उपयोगी पडतं.

यातलं एकही लागू होत नसेल तर तोटा बुडत नाही. तो पुढे ओढला जातो, आणि घर परक्या माणसाला पूर्णपणे विकलं की त्या वर्षी सगळा मोकळा होतो. मग घाईने अहवालावर पैसे घालवायचं कारण राहत नाही. पुढे कधी जोडीदाराने नोकरी सोडली किंवा नफ्यातलं दुसरं घर आलं तर अहवाल तेव्हाही करता येतो. कसा, ते खाली येतंच.

दुसरी पायरी: घसारा कोणत्या रकमेवर?

घराची किंमत, त्यात टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा), वकिलाची आणि नोंदणीची फी, ट्रान्स्फर टॅक्स असे खरेदीचे खर्च मिळवा. कर्ज मिळवण्यासाठीचे खर्च, उदाहरणार्थ पॉइंट्स (व्याजदर कमी व्हावा म्हणून आधी दिलेली रक्कम), यात येत नाहीत. ते कर्जाच्या मुदतीवर वेगळे वाटले जातात.

मग जमीन वजा करा. काउंटीच्या मालमत्ता करपत्रकात जमीन आणि इमारत यांची वेगवेगळी किंमत छापलेली असते, तिचं गुणोत्तर वापरणं ही रुळलेली पद्धत आहे. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात जमिनीचाच वाटा इतका मोठा असतो की घसाऱ्याला थोडीच रक्कम उरते. टेक्सास किंवा ओहायोत चित्र उलट असतं. काउंटीचं गुणोत्तर खरोखर विचित्र वाटलं तर अप्रेझरकडून लेखी मूल्यांकन घ्या. आपल्या मनाने ‘जमीन १० टक्के’ असं लिहू नका.

आधी स्वतः राहत होता ते घर भाड्याने दिलं असेल तर भाड्याने देतानाचा बाजारभाव आणि तुमची मूळ गुंतवणूक यांतली कमी असेल ती रक्कम धरायची.

घसारा सुरू होतो तो घर भाड्याने द्यायला तयार असल्याच्या दिवसापासून. खरेदीची तारीख इथे धरत नाहीत. नोव्हेंबरमध्ये घर घेतलं, रंगकाम फेब्रुवारीत संपलं आणि मग जाहिरात दिली, तर घसारा पुढच्या वर्षापासून. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बोनससाठी घर घेणाऱ्यांची इथेच फसगत होते.

तिसरी पायरी: घराचे भाग वेगळे काढणं

या पद्धतीला कायद्याचा भक्कम आधार १९९७ मध्ये मिळाला. हॉस्पिटल कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाच्या खटल्यात टॅक्स कोर्टाने मान्य केलं की इमारतीतले काही भाग वेगळ्या, कमी आयुष्याच्या वस्तू म्हणून धरता येतात. त्यानंतर आयआरएसने स्वतःच्या तपासनिसांसाठी कॉस्ट सेग्रेगेशनची मार्गदर्शिका काढली. ती सगळ्यांना वाचायला खुली आहे आणि अहवाल लिहिणारे तिच्याच चौकटीत लिहितात.

याची दुसरी बाजू २०१२ मध्ये दिसली. टेक्सासमधल्या एका अपार्टमेंट संकुलाची मालक असलेल्या अमेरिसाउथ या कंपनीने इमारतीचे भरमसाट भाग कमी आयुष्याचे म्हणून दाखवले होते. टॅक्स कोर्टाने त्यातले बहुतेक नाकारले. खिडक्या, सर्वसाधारण नळजोडणी ही इमारतच आहे, तिला ५ वर्षं मिळणार नाहीत, असा तो निकाल. सेंट्रल एसी, छप्पर, दारं, खिळ्यांनी ठोकलेली लाकडी जमीन, फरशी हीही इमारतीतच धरायची. किचन कॅबिनेटवर जाणकारांची मतं वेगळी पडतात. कुणी ३५-४० टक्के किंमत वेगळी काढून देण्याची हमी देत असेल तर त्या घरात नेमकं काय आहे ते विचारा. साध्या तीन बेडरूमच्या घरात तेवढं निघणं मला पटत नाही. तरणतलाव, मोठं अंगण, पूर्ण फर्निचर असलेल्या केबिनची गोष्ट वेगळी.

अहवाल कुणाकडून करायचा? प्रत्यक्ष पाहणी करून इंजिनिअरने लिहिलेल्या अहवालाला काही हजार डॉलर पडतात, ऑनलाइन माहिती भरून मिळणारा काही शे डॉलरमध्ये होतो. एका लहान घराला दुसरा पुरू शकतो, पण त्यात फोटो, किमतींचा आधार आणि प्रत्येक वस्तू त्या गटात का टाकली याचं कारण असायलाच हवं. आणि तपासणी आली तर उत्तर कोण देणार, हे आधी लेखी विचारून घ्या.

अहवालाची गरज नसलेल्याही गोष्टी आहेत. नंतर घेतलेल्या १,४०० डॉलरच्या फ्रिजची पावती तुमच्याकडे असतेच. प्रति वस्तू २,५०० डॉलरपर्यंतचा खर्च थेट वजा करण्याची निवड दरवर्षी रिटर्नसोबत करता येते. आणि जुनं छप्पर काढून नवं घातलं तर जुन्या छपराची उरलेली किंमत त्याच वर्षी वजा करून मागता येते. हे कितीतरी लोक विसरतात.

चौथी पायरी: बोनस घ्यायचा की नाही

२७ सप्टेंबर २०१७ नंतर घेतलेल्या मालमत्तेला शंभर टक्के बोनस मिळू लागला, आणि तेव्हापासून जुन्या घरातल्या वापरलेल्या वस्तूंनाही तो लागू झाला, फक्त त्या तुम्ही स्वतः आधी वापरलेल्या नसाव्यात. मग २०२३ मध्ये तो ८० टक्के झाला, २०२४ मध्ये ६०, आणि २०२५ साठी ४० ठरला होता. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेसाठी तो पुन्हा शंभर टक्के केला, आणि आता तो कायमचा आहे.

इथे खरेदीचा पक्का करार कधी झाला ती तारीख बघितली जाते. १० जानेवारी २०२५ ला बंधनकारक करार आणि मार्चमध्ये क्लोजिंग (व्यवहार पुरा होऊन घर ताब्यात), असं असेल तर शंभर टक्के नाही. कायमचा झाल्यामुळे वर्षअखेरीच्या घाईलाही आता अर्थ उरलेला नाही.

बोनस नको असेल तर तसं सांगता येतं, तेही गटागटाने. ५ वर्षांच्या गटाला घ्या, १५ च्या गटाला सोडा, असं चालतं. न सांगितल्यास तो आपोआप लागू होतो. यंदा तुमचा कराचा टप्पा खालचा असेल आणि पुढच्या वर्षी पगार वाढणार असेल, तर सगळा घसारा यंदा संपवणं तोट्याचं ठरेल.

आकड्यांत बघू

घर खर्चासह ४ लाख डॉलरचं. जमीन ८०,०००, इमारत ३,२०,०००. जुलैमध्ये भाड्याला तयार. अहवालाशिवाय पहिल्या वर्षाचा घसारा ५,३३४ डॉलर, कारण इमारतीला त्या महिन्याच्या मध्यापासून मोजतात. पुढे दरवर्षी ११,६३६.

अहवालाने ३२,००० डॉलर ५ वर्षांच्या गटात आणि २८,००० डॉलर १५ वर्षांच्या गटात काढले. उरली इमारत २,६०,०००. शंभर टक्के बोनस घेतला तर पहिल्या वर्षी ६०,००० अधिक इमारतीचे ४,३३४, म्हणजे ६४,३३४ डॉलर. बोनस नाकारून नेहमीच्या वेगाने गेलात तर ५ वर्षांच्या गटाचे ६,४००, १५ च्या गटाचे १,४०० आणि इमारतीचे ४,३३४ मिळून १२,१३४. बोनस घेतल्यावर दुसऱ्या वर्षापासून इमारतीचा घसारा ९,४५५ वर येतो, म्हणजे अहवाल न करणाऱ्यापेक्षा दरवर्षी सुमारे २,१८० कमी.

आता सहा महिन्यांचं भाडं १६,२०० धरा आणि व्याज, मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती मिळून खर्च १७,२००. घसाऱ्याआधीच १,००० चा तोटा आहे.

दोघांचा मिळून पगार २,८०,००० आणि वरचं एकही दार उघडं नाही, अशा कुटुंबाला ६,३३४ चा तोटा असो की ६५,३३४ चा, यंदाच्या टॅक्समध्ये फरक शून्य. तेवढाच पगार एकट्याचा, बायको पूर्णवेळ घरांचं काम बघते आणि दर्जा सिद्ध करू शकते, अशा कुटुंबाचा ५९,००० च्या जादा तोट्यावर, काही भाग २४ आणि काही २२ टक्क्यांच्या टप्प्यात जाऊन, सुमारे साडेतेरा हजार डॉलरचा टॅक्स यंदा वाचतो. घर तेच, अहवाल तोच.

आधीची वर्षं राहून गेली असतील तर

‘विकताना टॅक्स लागेल म्हणून मी घसारा घेतच नाही’ असं म्हणणारे लोक मला दरवर्षी भेटतात. त्यांना मनापासून सांगतो, असं करू नका. घर विकताना आयआरएस घेतलेला किंवा घेता येण्याजोगा घसारा, यांतला जास्त असेल तो धरते. म्हणजे तुम्ही घेतला नाही तरी विकताना त्यावर टॅक्स आहेच. वजावट गमवायची आणि टॅक्स मात्र भरायचा, असा तो प्रकार.

दुरुस्तीची वाट चांगली आहे. दोन किंवा अधिक वर्षं घसारा चुकला किंवा कमी घेतला गेला असेल तर फॉर्म ३११५ भरून हिशेबाची पद्धत बदलता येते, आणि मागच्या सगळ्या वर्षांचा राहिलेला घसारा चालू वर्षात एकदम वजा होतो. जुनी रिटर्न्स उघडावी लागत नाहीत. पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या घराचा कॉस्ट सेग्रेगेशन अहवाल आज करायचा असेल तरी हाच फॉर्म. बोनसचा दर मात्र घर भाड्याला लागलं त्या वर्षाचा लागतो. म्हणूनच म्हटलं, थांबल्याने काही बुडत नाही. ज्या वर्षी तोटा वापरता येईल त्या वर्षी अहवाल करा.

एरवीचे फॉर्म नेहमीचेच. घसारा फॉर्म ४५६२ वर, भाड्याचा हिशेब शेड्यूल ई वर, पॅसिव्ह मर्यादा ८५८२ वर, विक्री ४७९७ वर. सॉफ्टवेअर ते भरतं, पण ८५८२ ची प्रत दरवर्षी जपून ठेवा. सीपीए बदलला की पुढे ओढलेला तोटा नव्या रिटर्नमध्ये आणायचा राहून जातो, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

राज्याचा वेगळा हिशेब

न्यू जर्सी बोनस मानत नाही, आणि तिथे भाड्याचा तोटा पगारातून वजाच होत नाही, फेडरलमध्ये दर्जा कुठलाही असो. कॅलिफोर्नियाही बोनस मानत नाही. तिथे घसाऱ्याच्या दोन वह्या ठेवाव्या लागतात, एक फेडरलची आणि एक राज्याची, आणि विकताना नफाही दोन ठिकाणी वेगळा निघतो. टेक्सास आणि फ्लोरिडात पगारावर राज्याचा आयकर नाही, पण माझ्यासारखं राहणं न्यू जर्सीत असेल तर टेक्सासच्या घराचाही हिशेब न्यू जर्सीच्या नियमांनी होतो.

विकताना

इमारतीच्या सरळ हप्त्यांच्या घसाऱ्याइतक्या नफ्यावर जास्तीत जास्त २५ टक्के टॅक्स लागतो. ५ वर्षांच्या गटातल्या वस्तूंवर घेतलेला घसारा मात्र तुमच्या नेहमीच्या दराने परत येतो, जो ३७ टक्क्यांपर्यंत असू शकतो. १५ वर्षांच्या गटातही सरळ हप्त्यांपेक्षा जास्त घेतलेला भाग नेहमीच्याच दराने. उत्पन्न मोठं असेल तर यावर ३.८ टक्क्यांचा गुंतवणूक कर अनेकांना लागतो.

त्यामुळे दोन-तीन वर्षांत विकायचं घर असेल तर एवढी खटपट करू नका. दहा वर्षं ठेवायचं असेल तर गोष्ट वेगळी. तोवर त्या कार्पेटची आणि फ्रिजची किंमत फारशी उरलेली नसते, आणि विक्रीची किंमत वाटताना त्यांच्या वाट्याला खरोखर थोडीच रक्कम येते. ही वाटणी करारातच रास्तपणे लिहून घ्या.

विकून लगेच दुसरं घर घ्यायचं असेल तर नफ्यावरचा टॅक्स पुढे ढकलणारी १०३१ ची अदलाबदल आहे. ४५ दिवसांत नवी मालमत्ता ठरवायची, १८० दिवसांत व्यवहार पुरा करायचा, आणि मधल्या काळात पैसे आपल्या खात्यात येऊ द्यायचे नाहीत. पुण्यातला फ्लॅट यात चालत नाही, अमेरिकेतल्या घराच्या बदल्यात अमेरिकेतलंच घर लागतं. आणि घर वारसांकडे गेलं तर मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव त्यांची नवी किंमत ठरतो, आधीचा घसारा त्यांना परत भरावा लागत नाही.

पुण्यातला फ्लॅट आणि परत जाण्याचा बेत

आपल्यातल्या अनेकांचा कोथरूडला किंवा ठाण्याला भाड्याने दिलेला फ्लॅट असतो. अमेरिकेत राहताना त्याचंही भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. देशाबाहेरच्या अशा घराला लवकरचा घसारा नाही, बोनसही नाही. २०१७ नंतर भाड्याला लावलेल्या घराला सरळ ३० वर्षं, त्याआधीच्या घराला ४० वर्षं. भारतात त्याच भाड्यातून मालमत्ता कर आणि मग सरसकट ३० टक्के वजा होतात, घसारा नसतो. भारतात भरलेल्या टॅक्सचं श्रेय इथे फॉर्म १११६ वर घ्यायचं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये फर्निचर आहे म्हणून ते ५ वर्षांच्या बोनसमध्ये टाकलेली रिटर्न्स मी पाहिली आहेत. ती चूक आहे.

परत भारतात जाऊन इथलं घर भाड्यावर ठेवणार असाल तर आणखी विचार करा. तुम्ही अमेरिकेचे अनिवासी झालात की निवड न केल्यास भाड्याच्या एकूण रकमेवर ३० टक्के कापले जातात. खर्च आणि घसारा वजा करून निव्वळ उत्पन्नावर कर देण्याची निवड अनिवासींच्या १०४०-एनआर रिटर्नसोबत करावी लागते. भारतात पूर्ण निवासी झाल्यावर तेच भाडं तिथेही करपात्र होतं, आणि भारत अमेरिकेचा घसारा बघत नाही. इथे बोनस घेऊन टॅक्स शून्य केलात तर तिथे श्रेय घ्यायला काहीच उरत नाही, आणि वाचलेला पैसा भारतात भरला जातो. अशा कुटुंबांनी बोनस नाकारणं हेच बहुधा योग्य ठरेल. घर विकताना अनिवासी विक्रेत्याच्या किमतीतून सहसा १५ टक्के रोखून धरले जातात, तेही हिशेबात धरा.

चाव्या हातात येतात त्या दिवशी

भाडेकरू यायच्या आधी घरभर फिरून फोटो काढा. प्रत्येक खोलीतलं कार्पेट, उपकरणांच्या मागच्या मॉडेल क्रमांकाच्या पट्ट्या, कुंपण चारही बाजूंनी, ड्राइव्हवे, अंगणातली झाडं, बाहेरचे दिवे. क्लोजिंगचा हिशेब, अप्रेझल, काउंटीचं करपत्रक आणि घराचा इन्स्पेक्शन अहवाल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. अहवाल यंदा करा किंवा सहा वर्षांनी, लिहिणारा पहिल्यांदा हेच मागतो. माझ्या दुसऱ्या घराचा अहवाल मी अजून केलेला नाही, पण ते फोल्डर तयार आहे.